डोनाल्ड बेनेट : शत्रूच्या हातून निसटलेला वैमानिक

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या ‘पाथफाइंडर’ दलाचे नेतृत्व करणारे डोनाल्ड बेनेट यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१० रोजी ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा येथे झाला. तारे आणि यंत्रांच्या साह्याने विमानाचा मार्ग ठरविण्याच्या शास्त्रात त्यांचा हातखंडा होता. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

एप्रिल १९४२ मध्ये ते हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमानांच्या १० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. जर्मनीची अवाढव्य युद्धनौका ‘टिर्पिट्झ’ त्या वेळी जर्मनव्याप्त नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमजवळच्या एका अरुंद खाडीत कड्याला लागून उभी होती. २७ एप्रिलच्या रात्री ३१ हॅलिफॅक्स आणि १२ लँकॅस्टर विमानांनी तिच्यावर हल्ला चढविला. कमी उंचीवरून सुरुंग टाकून ते नौकेलगत पाण्यात पोहोचविण्याची योजना होती. विमानवेधी तोफांच्या माऱ्याने बेनेट यांच्या विमानाचा पंख पेटला. धुराच्या पडद्यामुळे लक्ष्य हुकले, तेव्हा जळते विमान वळवून त्यांनी पुन्हा चढाई केली. मग पूर्वेकडे, तटस्थ स्वीडनच्या दिशेने मोहरा वळविला. पण विमान तग धरेना. सहकाऱ्यांना उड्या टाकण्याचा आदेश देऊन शेवटी त्यांनीही हवाई छत्रीचा आधार घेतला.

खाली सर्वत्र बर्फ होते आणि मागावर जर्मन सैनिक. वाटेत त्यांना आपल्याच विमानाचा रेडिओ ऑपरेटर भेटला. दोघांनी डोंगराळ मुलुखातून पायी सरहद्दीची वाट धरली. स्थानिक नॉर्वेजियन कुटुंबांनी त्यांना आसरा, अन्न आणि वाट दाखविली. शत्रूच्या वैमानिकाला मदत करणे म्हणजे जर्मनांचा रोष ओढवून घेणे होते. स्वीडनमध्ये ते काही काळ स्थानबद्ध राहिले आणि सुटका होताच सुमारे महिनाभरात ब्रिटनला परतले. त्यांचे काही सहकारी मात्र जर्मनांच्या कैदेत पडले. ‘टिर्पिट्झ’ला त्या हल्ल्यात धक्काही लागला नाही, ती बुडाली १२ नोव्हेंबर १९४४ रोजी.

हल्ला फसला, तरी बेनेट यांचे परतणे निर्णायक ठरले. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे मानल्या गेलेल्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांशच लक्ष्याच्या ८ किलोमीटरच्या आत पोहोचत असल्याचे १९४१ च्या एका सरकारी पाहणीत आढळले होते. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट १९४२ मध्ये ‘पाथफाइंडर’ दल उभे राहिले आणि त्याची धुरा बेनेट यांच्याकडे आली. निवडक वैमानिकांनी पुढे जाऊन प्रकाशगोळ्यांनी लक्ष्य दाखवायचे आणि मागून येणाऱ्या ताफ्याने मारा करायचा, ही त्याची पद्धत. या वाढत्या अचूकतेची झळ जर्मन शहरांतील सामान्य नागरिकांनाही बसली.

१९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, ते एअर व्हाइस मार्शल झाले. १९४५ मध्ये ते काही काळ लिबरल पक्षाचे खासदार होते. १५ सप्टेंबर १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.