वेश, वर्तन आणि ‘असूनही’

सुरगाण्याच्या वर्गात मध्ययुगीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना अनेक वर्षे मी एक वाक्य सांगत आलो : ‘शेख महंमद जन्माने मुसलमान असूनही विठ्ठलभक्त होते.’ पाठ्यपुस्तकी घाटाचे, निरुपद्रवी वाटणारे वाक्य. एकदा मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्यातला कोणी शिकला की ‘आदिवासी असूनही शिकला’ असंच लिहितात. या ‘असूनही’त नेमकं काय असतं?” वर्गात बहुतेक मुले कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांतली. नाशिकला गेल्यावर कपड्यांवरून आणि बोलीवरून आपली पारख कशी होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हा त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

आरंभ एका शब्दापासून करावा लागेल. जुन्या मराठीत मुसलमानाला ‘अविंध’ म्हणत. ‘अविद्ध’ या संस्कृत शब्दापासून आलेला हा शब्द. अर्थ, ज्याचे कान टोचलेले नाहीत असा. म्हणजे माणसाची श्रद्धा, आचार, विद्या यांपैकी कशाचाही विचार न करता केवळ कानाच्या पाळीकडे पाहून त्याला नाव देण्यात आले. बाह्य खुणेवरून माणूस ठरवण्याची सवय अशी थेट आपल्या शब्दकोशातच बसलेली आहे. शेख महंमदांनी हा शब्द नाकारला नाही. स्वतःला अविंध म्हणवून घेत, आपल्या अंतःकरणात मात्र गोविंद आहे, असे त्यांनी सांगितले. खूण कानावर आणि भक्ती हृदयात, हे दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या मांडणीत ‘असूनही’ नाही. ते नंतर आपण घातले.

या पारखेविषयीची अस्वस्थता संतपरंपरेतही दिसते. जनार्दनस्वामींच्या भेटीला दत्त मलंगाच्या वेशात येतात आणि तो वेश पाहून एकनाथ प्रथम बिचकतात, ही कथा नाथांच्या चरित्रपरंपरेत प्रसिद्ध आहे. ती घडली की नाही, हा प्रश्न येथे गौण. नाथांसारख्या पुरुषाचीही परीक्षा फकिराच्या कपड्यावर घ्यावीशी परंपरेला वाटली, हे महत्त्वाचे.

परंतु वेशावरून पारख हा केवळ हिंदूंनी मुसलमानांवर केलेला अन्याय मानला, तर अर्धाच इतिहास हाती लागतो. हा प्रश्न इस्लामी परंपरेने स्वतःलाही वारंवार विचारला आहे. कुराणाच्या सातव्या सुरेत देह झाकणाऱ्या वस्त्राचा उल्लेख येतो आणि लगेच सदाचाराचे वस्त्र अधिक चांगले, असे सांगितले जाते. एकोणपन्नासाव्या सुरेत परस्परांचा उपहास आणि संशय वर्ज्य मानले आहेत. ‘सूफी’ हे नावच ‘सूफ’, म्हणजे लोकर, या वस्त्रावरून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण ठिगळांचा झगा हीच साधुत्वाची सनद ठरू लागली, तेव्हा सूफींमधूनच प्रतिक्रिया उमटली. नवव्या शतकात खुरासानातील मलामती साधकांनी वेगळा वेशच नको म्हटले. लोकांनी साधू समजण्यापेक्षा निंदा केलेली बरी, अशी त्यांची भूमिका होती. अकराव्या शतकात हुजविरी यांनी ‘कश्फ-उल-महजूब’मध्ये ठिगळांच्या झग्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि मिरवण्यासाठी तो अंगावर घालणाऱ्यांना सावध केले.

या पार्श्वभूमीवर शेख महंमदांकडे पाहिले तर ते एकाकी चमत्कार वाटत नाहीत. त्यांचे गुरू चांद बोधले यांच्या परंपरेत सूफी आणि वारकरी प्रवाह एकत्र येतात. १६४५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘योगसंग्राम’चे हे कर्ते दांभिक गुरूंवर कठोर टीका करतात, आणि त्यांच्या तडाख्यातून कर्मठ ब्राह्मण सुटत नाही तसा सोंगाडा फकीरही सुटत नाही. स्वतःच्या घरातले ढोंग पाहण्याची तयारी असल्यामुळेच त्यांच्या टीकेला नैतिक वजन येते.

तीच तयारी विसाव्या शतकात हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांच्यात दिसते. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. मागण्यांच्या केंद्रस्थानी बुरखा नव्हता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व होते. म्हणजे बाईने काय पांघरावे, यापेक्षा पुरुषाने तिच्याशी कसे वागावे, हा प्रश्न त्यांनी आधी मांडला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने तो पुढे नेला.

आपली सार्वजनिक चर्चा मात्र पुन्हा कापडापाशीच येऊन थांबते. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई करणारे परिपत्रक काढले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली; वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. कायद्याचा निवाडा कायद्याच्या जागी. पण शिक्षक म्हणून मला जाचणारा प्रश्न वेगळा आहे. डोके झाकले म्हणून मुलीला सच्छील ठरवणारा मोहल्ला आणि त्याच कारणाने तिला मागास ठरवणारा प्राध्यापक, हे दोघे एकाच मापाने मोजत नाहीत काय? दोघांनीही तिची उत्तरपत्रिका अजून वाचलेली नाही.

खुद्द शेख महंमदही या मापातून सुटलेले नाहीत. श्रीगोंद्यातील त्यांचे समाधिस्थान दर्गा की मंदिर, हा वाद २०२५ मध्ये रस्त्यावर आला. ज्याने आयुष्यभर वेशापलीकडे पाहायला सांगितले, त्याच्या समाधीलाच आपण विचारतो आहोत, तुझा वेश कोणता?

त्या विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर आता मला असे सुचते : ‘असूनही’त आपण आधीच केलेला निवाडा असतो. समोरच्याकडून काही चांगले घडेल अशी अपेक्षाच नव्हती, ही त्यात दडलेली कबुली असते. यंदापासून मी वर्गात वाक्य बदलले आहे : ‘शेख महंमद मुसलमान होते आणि विठ्ठलभक्त होते.’ एका उभयान्वयी अव्ययाचा हा फरक. पण भाषेच्या शिक्षकाने सुरुवात आणखी कुठून करावी?