तीनशेचे साडेचारशे

दिवाळीत ताईकडे गेलो होतो. भाच्याने नवा कॉम्प्युटर जुळवून घेतलाय, त्याचं कौतुक चाललं होतं. प्रोसेसरच्या खोक्यावर नावाच्या शेवटी एक 'के' होता. "मामा, 'के' असला की ओव्हरक्लॉक करता येतो. त्याचे थोडे जास्त पैसे पडतात," त्याने मला समजावलं. मी निमूटपणे मान डोलावली. चहा घेऊन आलेली ताई म्हणाली, "मामाला काय सांगतोस? त्याने काय काय उद्योग केलेत ते त्यालाच विचार."

तिला सगळे उद्योग माहीत नाहीत. एक तर मुळीच नाही. म्हणून हे लिहायला बसलो. पण त्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर उद्योग कळायचा नाही.

प्रत्येक प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीस कोटी ठोके. एक ठोका पडल्यापासून दुसरा पडेपर्यंत आतले सगळे संदेश आपापल्या जागी पोचले पाहिजेत. ठोके जलद केले तर काम जलद होतं, आणि अति जलद केले तर संदेश वाटेतच राहतात. ठोके वाढवण्याचा हा खटाटोप म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. तो आमच्या पिढीने शोधला असं आम्हाला वाटायचं, पण १९८४ साली आयबीएमचा 'एटी' आला तेव्हाच लोकांनी त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक काढून जास्त वेगाचा बसवला होता, आणि ६ मेगाहर्ट्झचं मशीन ८ वर पळवलं होतं. आयबीएमने पुढच्या मशीनच्या बायोसमध्ये वेग तपासायची सोय केली. जास्त दिसला की मशीन सुरूच व्हायचं नाही!

आता प्रश्न असा की चिपवर लिहिलेला आकडा येतो कुठून? आम्ही नागपूरकर, म्हणून संत्र्यांचं उदाहरण देतो. एकाच बागेतली संत्री तोडून आणतात आणि मग लहान-मोठी निवडतात. तसंच एकाच तबकडीवर तयार झालेल्या चिप तपासून, कोणती किती वेगाला टिकते ते पाहून त्यांच्यावर आकडा घालतात. फरक एवढाच, की बाजारात लहान संत्र्यांना मागणी असली तर इथे मोठ्या संत्र्यावरही 'लहान' असा शिक्का मारता येतो. बाहेरून कुणाला कळत नाही.

याचा फायदा आधी उठवला तो लबाडांनी. नव्वदच्या दशकात पेंटियमवरचा आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापायचा आणि महाग विकायचा, असा धंदा चालत असे. इंटेलने मग चिपचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला कितीने गुणायचं तो आकडा, कुलूपबंद करून टाकला. बसचा वेग मात्र मदरबोर्डवर ठरायचा. तेवढी खिडकी उघडी राहिली.

त्या खिडकीतून १९९८ साली सेलेरॉन ३००ए आत आला. झालं असं, की एएमडी आणि सायरिक्स स्वस्त चिप विकून इंटेलचं गिऱ्हाईक पळवत होते. त्यांना उत्तर म्हणून इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये सेलेरॉन काढला, पण पैसे वाचवायला त्यातली दुसऱ्या पातळीची कॅशच काढून टाकली. तो इतका संथ निघाला की सगळीकडे त्याची टिंगल झाली. मग ऑगस्टमध्ये ३००ए आला. यात १२८ किलोबाइट कॅश होती आणि तीही चिपच्या पोटातच, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. त्याच दिवशी बाजारात आलेल्या थोरल्या भावाची, पेंटियम टू ४५० ची, कॅश ५१२ किलोबाइट होती खरी, पण ती चिपबाहेर आणि निम्म्या वेगाची. किमती बघा: धाकटा १४९ डॉलर, थोरला ६६९.

आता गणित. ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ आणि बस ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३००. पण इंटेलच्या नव्या बीएक्स चिपसेटचे बोर्ड १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालत. शंभर गुणिले साडेचार म्हणजे साडेचारशे! बोर्ड आपणहून १०० ला जात नसेल तर लोक प्रोसेसरच्या बी२१ या पट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. बोर्डाला वाटायचं, ही शंभराचीच चिप आहे. प्रत्येक ३००ए ला हे जमलं नाही, पण इतक्यांना जमलं की त्याचं नाव अजून निघतं. कारण उघड होतं. आतली रचना पेंटियम टूच्याच घराण्यातली होती. त्याला ३०० म्हटलं होतं ते बाजारासाठी.

हे सगळं कळल्यावर विशीतल्या मुलाला काय वाटेल? आपल्याच पैशाने घेतलेली वस्तू आपल्यापासून लपवून ठेवलीय!

पैसे अर्थात माझे नव्हते. बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून बर्डीवरून कॉम्प्युटर आणला होता. त्यात ३००ए होता, पण बोर्ड जुन्या एलएक्स चिपसेटचा. त्यावर १०० ची सोय नव्हती. जंपर बदलून ७५ आणि ८३ करता यायचे. मे १९९९ मधल्या एका दुपारी घरचे झोपलेले असताना मी जंपर ८३ वर नेला. स्क्रीनवर ३७५ च्या आसपासचा आकडा उमटला. विंडोज ९८ सुरू झालं. नागपूरचा मे महिना, तरी मशीन एकदाही हँग झालं नाही. आठवडाभर मी हवेत होतो.

त्याच मशीनवर ताई तिचा एम.फिल.चा लघुप्रबंध टाइप करत होती. आठ-दहा दिवसांनी तिच्या फाइली उघडेनात. एक उघडली तर मधली पानंच्या पानं चौकोनांनी भरलेली. फ्लॉपीवर काढून ठेवलेली प्रतही तशीच, कारण ती बिघडलेल्या फाइलीवरूनच काढलेली.

मी काय केलं? रात्री जंपर परत ६६ वर आणला आणि सकाळी सांगितलं, "व्हायरस आला असेल." नुकताच २६ एप्रिलला सीआयएच, म्हणजे चेर्नोबिल व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर आडवे केले होते, पेपरात ते सगळ्यांनी वाचलं होतं. ताईने विश्वास ठेवला. हाताने लिहिलेल्या कागदांवरून तिने अख्खा प्रबंध पुन्हा टाइप केला. मी तिला मजकूर वाचून दाखवायला बसायचो. सगळ्यांना वाटलं, भाऊ किती गुणी!

खरं कारण मला पुढे कळलं. चिप बिचारी ठणठणीत होती. पण त्या बोर्डावर हार्ड डिस्कशी बोलणाऱ्या भागाचा ठोकाही बसच्याच ठोक्यावरून निघायचा, बरोबर निम्मा. तो असायला हवा ३३, मी तो करून ठेवला ४१ च्या वर. धावायची हौस चिपची, धाप लागली डिस्कला. (शंभराच्या बसवर एक तृतीयांश घेत, म्हणजे पुन्हा ३३. म्हणून बीएक्सवाल्यांचं निभावलं.)

हा मोह फक्त पोरासोरांना होतो असंही नाही. मार्च २००० मध्ये एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी १ गिगाहर्ट्झ गाठला. त्या चुरशीत इंटेलने जुलैअखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाहेर काढला. टॉम्स हार्डवेअरच्या थॉमस पाब्स्ट यांना त्यावर लिनक्सचं कर्नल धड कंपाइल करता येईना. त्यांनी ते जाहीर लिहिलं, इतरांनीही पडताळलं, आणि महिन्याभरात इंटेलला ती चिप परत बोलवावी लागली. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिप जास्त व्होल्टेजमुळे खराब होतात हे इंटेलने मान्य केलं आणि हमी दोन वर्षांनी वाढवून दिली.

तर मला इतक्या वर्षांनी एवढंच कळलंय. चिपवरच्या आकड्यात जी जागा सोडलेली असते ती दोन प्रकारची. एक बाजारासाठी ठेवलेली, ती घेतली तर बिघडत नाही. दुसरी उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, शेजारच्या डिस्कसाठी ठेवलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मी ती घेतली, तेव्हा मोजायला लागली ती किंमत माझी नव्हती.

भाच्याला मी काही उपदेश केला नाही. आता प्रोसेसर स्वतःच तापमान बघून वेग कमी-जास्त करतो, आणि डिस्कचा ठोका वेगळा असतो. फक्त "बॅकअप दुसरीकडे ठेव" एवढं सांगितलं.

ताई, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. तो व्हायरस नव्हता. मी होतो.