केनेडींची खरी कसोटी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पक्षाचा उमेदवार ठरविणारी प्राथमिक निवडणूक खुली असते. अन्य पक्षाचा मतदारही तीत मत देऊ शकतो. ५ एप्रिल १९६० रोजी तेथे डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी जॉन केनेडींनी ह्युबर्ट हम्फ्रींना हरविले. परंतु रिपब्लिकन कॅथलिकांनीही मते दिल्याने तो केवळ धर्मबंधूंचा कौल मानला गेला. प्रॉटेस्टंटबहुल वेस्ट व्हर्जिनियात तर केनेडी कॅथलिक आहेत हे कळताच त्यांची आघाडी ओसरली. त्यांनी प्रश्न टाळला नाही; राज्यघटनेच्या शपथेआड चर्च येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. १० मे रोजी त्यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. हम्फ्रींनी माघार घेतली. स्वकीयांच्या मतांनी संख्या वाढते, नेतृत्व सिद्ध होते ते इतरांच्या विश्वासाने. अल्पसंख्य म्हणून आम्हांला हा धडा मोलाचा वाटतो.