अडीच तास लवकर येणारा धूमकेतू

२ जून १८२२. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत, पॅरामॅटा येथे गव्हर्नर थॉमस ब्रिस्बेन यांच्या खासगी वेधशाळेत कार्ल रूमकर यांना आकाशात एक अंधूक, धुरकट ठिपका दिसला. हा ठिपका केव्हा आणि कुठे दिसेल, हे जर्मनीत गोथाजवळच्या झेबर्ग वेधशाळेत बसून योहान फ्रान्झ एन्के यांनी आधीच गणिताने वर्तवले होते. भाकिताप्रमाणे परतलेला हा इतिहासातील केवळ दुसरा धूमकेतू. पहिला हॅलेचा. पण हॅलेचा धूमकेतू पाऊणशे वर्षांनी येतो, आणि हा अवघ्या ३.३ वर्षांनी. इतक्या थोड्या काळात सूर्याभोवती फेरी पूर्ण करणारा धूमकेतू असू शकतो, हेच तोवर कोणाला ठाऊक नव्हते.

गंमत अशी की तो त्याआधी चार वेळा 'सापडला' होता. १७८६ मध्ये पिएर मेशँ यांना, १७९५ मध्ये कॅरोलाइन हर्शेल यांना, १८०५ मध्ये एकाहून अधिक निरीक्षकांना, आणि नोव्हेंबर १८१८ मध्ये मार्सेय येथे झाँ-लुई पॉन्स यांना. प्रत्येक वेळी तो नवा धूमकेतू म्हणूनच नोंदवला गेला. पॉन्स मार्सेयच्या वेधशाळेत रखवालदार म्हणून लागले होते. तिथेच दुर्बीण हाताळायला शिकून त्यांनी पुढे तीसहून अधिक धूमकेतू शोधले. १८१८ च्या नोंदींवरून एन्के यांनी कक्षा काढली आणि गणिताने ती मागे मागे नेली, तेव्हा चारही 'धूमकेतू' एकच असल्याचे उघड झाले. जगाने त्याला एन्के यांचे नाव दिले. स्वतः एन्के मात्र त्याला पॉन्सचाच धूमकेतू म्हणत राहिले.

खरा पेच यानंतरचा आहे.

धूमकेतूवर केवळ सूर्याचीच ओढ नसते. गुरू आणि इतर ग्रहही त्याला थोडेथोडे खेचतात. हे सारे विक्षोभ हाताने, आकडा आकडा जोडत हिशेबात धरावे लागत. एन्के यांनी ते धरले. तरीही प्रत्येक फेरीचा काळ आधीच्या फेरीपेक्षा सुमारे अडीच तासांनी कमी भरत होता. बाराशे दिवसांच्या प्रवासात अडीच तास! दुसऱ्या कोणी ही तफावत वेधातील चूक म्हणून सोडून दिली असती. गाउस यांच्या या शिष्याने ती सोडली नाही, आणि याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

त्यांनी दिलेले उत्तर त्या काळाला साजेसे होते. प्रकाश हा तरंग असेल, तर तो वाहून नेणारे काहीतरी माध्यम अवकाशात हवे. त्याला 'ईथर' म्हणत. एन्के यांच्या मते अशाच एका अतिविरळ माध्यमातून जाताना धूमकेतूला अडथळा होत होता. अडथळ्याने वस्तू उशिरा यायला हवी, लवकर कशी, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. पण कक्षेतील वस्तूची ऊर्जा घटली की ती सूर्याच्या अधिक जवळ ओढली जाते, कक्षा आक्रसते आणि फेरी लवकर पूर्ण होते. तर्क निर्दोष होता. न दिसणाऱ्या ईथरचा जणू साक्षीदारच आकाशात सापडला, असे अनेकांना वाटले.

१८३५ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला. त्याच्या मध्यभागातून सूर्याच्या दिशेने बाहेर पडणारे झोत फ्रीडरिश बेसेल यांनी पाहिले, आणि पुढल्याच वर्षी वेगळी शक्यता मांडली: धूमकेतूतून द्रव्य एका बाजूने सुटत असेल, तर दुसऱ्या बाजूस त्याला धक्का बसेल आणि त्याचा आवर्तकाल बदलेल. एन्के यांना हे पटले नाही. बेसेल यांची कल्पना शंभरहून अधिक वर्षे जवळपास अडगळीत राहिली.

एन्के १८६५ मध्ये वारले. पुढे हे गणित रशियात गेले. आधी फ्रीडरिश फॉन आस्टेन आणि मग ओस्कर बाक्लुंड यांनी फेरीमागून फेरी तपासली. त्यात आढळले ते ईथरवाद्यांना अडचणीचे होते: लवकर येण्याचे प्रमाण स्वतःच घटत चालले होते. सर्वत्र भरलेले माध्यम दर काही वर्षांनी विरळ कसे होईल? दुसरीकडे, १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू कॉवेल आणि क्रॉमेलिन यांच्या काटेकोर भाकितापेक्षा सुमारे ३ दिवस उशिरा सूर्याजवळ पोहोचला. जो अडथळा एकाला लवकर आणतो, तोच दुसऱ्याला उशीर करू शकत नाही.

कोडे सुटले १९५० मध्ये. अमेरिकी खगोलज्ञ फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतूचे केंद्रक म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा घन गोळा, असे प्रतिरूप मांडले. आणि त्या मालिकेतील पहिल्या निबंधाचा विषयच एन्केच्या धूमकेतूचे लवकर येणे हा होता. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची थेट वाफ होते आणि झोताने बाहेर पडते. मात्र केंद्रक स्वतःभोवती फिरत असते. वैशाखातला कडाका भर बाराला नव्हे तर दोन-तीनच्या सुमारास जाणवतो, तसेच तिथेही सर्वाधिक वाफ 'दुपार उलटलेल्या' बाजूने सुटते. म्हणून धक्का सरळ सूर्यापासून दूर न बसता किंचित तिरपा बसतो. केंद्रक कक्षेच्या उलट दिशेने फिरत असेल तर तो तिरपेपणा धूमकेतूची गती कमी करतो आणि धूमकेतू लवकर येतो; त्याच दिशेने फिरत असेल तर उशीर होतो. फिरण्याचा अक्ष हळूहळू कलत गेला की हा परिणामही बदलत जातो, हे व्हिपल आणि झ्डेनेक सेकानिना यांनी पुढे १९७९ मध्ये दाखवले. एन्के यांचे अडीच तास अगदी खरे होते. चुकला होता तो त्यांचा अर्थ.

तेजस्वितेच्या नोंदींची गोष्टही याच वळणाची आहे. जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर हा धूमकेतू झपाट्याने मंदावतो आहे असे दिसे. सोव्हिएत खगोलज्ञ व्सेख्स्व्यात्स्की यांनी असे धूमकेतू अल्पायुषीच असतात, असा निष्कर्षही काढला. परंतु धूमकेतू ताऱ्यासारखा बिंदू नसतो. तो पसरट, कडा विरत गेलेला असतो. त्याचे तेज ठरवण्यासाठी निरीक्षक शेजारचा तारा मुद्दाम धूसर करून त्याच्याशी तुलना करतात. अशा वेळी मोठ्या दुर्बिणीत धूमकेतू प्रत्यक्षाहून मंद भासतो. दशकागणिक दुर्बिणी मोठ्या होत गेल्या आणि धूमकेतू कागदावर मंदावत गेला! मंदावण्याचा बराचसा भाग उपकरणांचा आहे, धूमकेतूचा नाही, अशी बाजू ल्युबोर क्रेसाक यांनी १९६५ मध्ये मांडली. सूर्याजवळ येताना आणि परत जाताना, तितक्याच अंतरावर असूनही त्याचे तेज सारखे नसते, हे मात्र खरेच. केंद्रकाचा कोणता भाग केव्हा उन्हात येतो, यावर ते अवलंबून असते.

१९८० मध्ये अरेसिबोच्या महाकाय अँटेनाने या केंद्रकावरून आदळून परतलेला रडारचा प्रतिध्वनी टिपला. रडारने टिपलेला हा पहिला धूमकेतू. जुलै २००२ मध्ये नासाने 'कॉन्टूर' हे यान सोडले. पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये ते एन्केच्या धूमकेतूजवळून जाणार होते. पण १५ ऑगस्टला पृथ्वीची कक्षा सोडण्यासाठी इंजिन पेटवले गेले आणि त्यानंतर यानाकडून संदेश आलाच नाही. हॅलेच्या केंद्रकाची छायाचित्रे १९८६ मध्येच हाती आली. सर्वाधिक फेऱ्यांच्या नोंदी असलेल्या या धूमकेतूचे केंद्रक मात्र अजून कोणत्याही यानाने जवळून पाहिलेले नाही.