प्राचलिक नगररचना

प्राचलिक नगररचना ही वस्तीचा आराखडा तयार करण्याची नियमाधारित पद्धत आहे. तीत रस्ते, भूखंड व इमारती यांची अंतिम मांडणी थेट रेखाटली जात नाही; ती ठरविणारे नियम आणि बदलती मूल्ये निश्चित केली जातात. रस्त्याची रुंदी, जमिनीचा उतार, इमारतीची उंची अशा मूल्यांना प्राचल म्हणतात. एखादा प्राचल बदलताच त्यावर अवलंबून असलेला आराखडा संगणक नव्याने मांडतो. नियमांच्या पुनरावृत्तीतून अनेक पर्यायी आराखडे निर्माण करणाऱ्या पद्धतीस जननशील पद्धत म्हणतात. व्यवहारात या दोन्ही पद्धती बहुधा एकत्र वापरल्या जातात.

इतिहास

इटालियन वास्तुविशारद लुइजी मोरेत्ती यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्राचलिक वास्तुकलेची कल्पना मांडली. जॉर्ज स्टायनी व जेम्स गिप्स यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी आकृतींच्या व्याकरणाचा सिद्धान्त मांडला. योआव पॅरिश व पास्कल म्यूलर यांनी २००१ मध्ये नियमांवरून संपूर्ण शहराची संगणकीय प्रतिकृती तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यातून पुढे ‘सिटीइंजिन’ ही प्रणाली विकसित झाली.

महाराष्ट्रातील उदाहरणे

नवी मुंबईतील बेलापूर येथील चार्ल्स कोरिया यांचा गृहप्रकल्प (१९८३–८६) संगणकाविना नियमांवर उभारलेल्या वस्तीचे परिचित उदाहरण आहे. सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात घरे, अशा तीन समूहांचा २१ घरांचा गट आणि त्यासाठी सुमारे १२ मीटरचा मोठा चौक, अशी तिची चढती रचना आहे. शेजारच्या घरांत सामाईक भिंत नसल्यामुळे प्रत्येक कुटुंबास आपले घर स्वतंत्रपणे वाढविता येते. पुढे अनेक मूळ घरांच्या जागी मोठी घरे बांधली गेली.

धारणी तालुक्यासह मेळघाटातील पारंपरिक कोरकू गावांत घरे समोरासमोरच्या दोन सरळ रांगांत असून मध्ये रुंद रस्ता असतो. ही संगणकीय अर्थाने प्राचलिक रचना नव्हे. मात्र मोजक्या अलिखित नियमांतून सुसंगत वस्ती कशी आकारास येते, हे तिच्यावरून दिसते.

मर्यादा

संगणक केवळ नोंदविलेल्या प्राचलांचा विचार करतो; त्यामुळे प्राचलांची निवड हा निव्वळ तांत्रिक निर्णय राहत नाही. उदाहरणार्थ, कोरकू गावातील मधली जागा फक्त रहदारीची मानून कमीत कमी रुंदीचा नियम दिल्यास दोन्ही रांगा जवळ येतील आणि सामाईक अंगण नाहीसे होईल. ही जागा स्वतंत्र प्राचल म्हणून नोंदविली, तरच ती आराखड्यात टिकते. म्हणून प्राचल ठरविताना रहिवाशांचा सहभाग आवश्यक ठरतो. चटई क्षेत्र निर्देशांक व सामासिक अंतरे यांसारख्या शासकीय नियमांचे प्राचलांत रूपांतर तुलनेने सोपे असते. वापर, सवयी व शेजार यांचे मोजमाप मात्र कठीण असते.

हेही पहा

नगररचना
चार्ल्स कोरिया
कोरकू
मेळघाट