छताला टांगलेली तलवार आणि 'स्कोप'चा प्रश्न

व्हीआरचा हेडसेट बनवायचा तर इलेक्ट्रिकलमध्ये कुठलं स्पेशलायझेशन घ्यावं? व्हीएलएसआय, एम्बेडेड, सिग्नल प्रोसेसिंग, की आणखी काही? आपल्याकडे याचं उत्तर 'स्कोप' बघून देतात. मला विचाराल तर आधी १९६८ सालात जरा डोकावून यावं.

आयव्हन सदरलंड हा मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हार्वर्डमध्ये त्याने विद्यार्थ्यांना हाताशी धरून डोक्यावर घालायचा त्रिमितीय डिस्प्ले बनवला. दोन डोळ्यांसाठी दोन चिमुकल्या पिक्चर ट्यूब. डोकं कुठे वळलंय हे कळायला छताला टांगलेला यांत्रिक दांडा. त्यावरूनच 'डॅमोक्लिसची तलवार' हे नाव पडलं. आणि दिसायचं काय, तर नुसत्या रेघांची चित्रं!

तेव्हाच्या साध्या कॉम्प्युटरला इतकं गणित वेळेत झेपत नव्हतं. म्हणून मॅट्रिक्सचे गुणाकार आणि नजरेबाहेरच्या रेघा छाटणं, दोन्हीसाठी खास हार्डवेअर बांधावं लागलं. म्हणजे त्या काळी डिजिटल डिझाइनवाल्यांची चलती.

पण खरी गंमत पुढेच आहे. तो दांडा जड आणि गैरसोयीचा, म्हणून त्यांनी अल्ट्रासाउंडही वापरून पाहिला. डोक्यावर ३ ट्रान्समीटर, छतात ४ रिसीव्हर, आणि फेजवरून अंतर मोजायचं. यात एक अख्खा तरंग मोजायचा राहिला, की ती चूक पुढच्या प्रत्येक मापात तशीच राहते.

आता थेट २०१२. ऑक्युलसने किकस्टार्टरवर पैसे उभे केले, तोवर स्मार्टफोनच्या कृपेने छोटे स्क्रीन आणि नखाएवढे मोशन सेन्सर स्वस्त झाले होते. ग्राफिक्स कार्ड तर बाजारात तयारच. मग अडलं कुठे? जायरोस्कोपने दिलेल्या वेगाची बेरीज करून कोन काढला, की बारीकशी चूकही साठत जाते. ती गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने सतत दुरुस्त करायची, तीही काही मिलिसेकंदांत. नाहीतर पोटात ढवळलंच म्हणून समजा. ४४ वर्षांनी आजार तोच, फक्त पेशंट वेगळा!

तात्पर्य काय? ट्यूब गेल्या, दांडा गेला, खास हार्डवेअरची जागा बाजारातल्या चिपने घेतली. साठणारी चूक आणि होणारा उशीर हे दोन शत्रू मात्र तिथेच आहेत. म्हणून माझं मत सिग्नल प्रोसेसिंग आणि कंट्रोलला, सोबत लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की. डिस्प्ले किंवा चिप डिझाइनची मनापासून आवड असेल तर जरूर तिकडे जा, तीही माणसं लागतातच. फक्त 'स्कोप' बघून जाऊ नका. ॲडमिशन घेताना दिसलेला स्कोप डिग्री हातात येईपर्यंत टिकेलच असं नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं?