झोपमोड न करता झोप मोजायची कशी?

दुबईच्या खाडीच्या टोकाला, रास अल खोरच्या दलदलीत, रोहित पक्षी चोच पिसांत खुपसून एका पायावर विसावतात. पाहणाऱ्यांनी आडोशामागूनच पाहायचं असा तिथला रिवाज, कारण फार जवळ गेलं की पाहायचं तेच उडून जातं. माणसाची झोप मोजणाऱ्यांची अडचण नेमकी हीच होती.

पहिली मोजणी सरळसरळ झोपमोडच होती. 1862 मध्ये जर्मनीत एर्न्स्ट कोलश्युटर यानं झोपलेल्या माणसाजवळ कमी-जास्त जोराचे आवाज केले आणि जाग यायला केवढा आवाज लागतो ते टिपलं. जितका मोठा आवाज, तितकी गाढ झोप. पहिल्या तासात ती सर्वांत गाढ असते, हे तेव्हाच कळलं.

माणसाला न उठवता झोपेत डोकावता आलं ते हान्स बर्गरमुळे. येना शहरात 1924 मध्ये त्यानं माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या आणि 1929 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस या धनिक हौशी संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये या लहरींवरून झोपेचे पाच टप्पे पाडले. 1953 मध्ये शिकागोतल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपेत मिटल्या पापण्यांआड भिरभिरणाऱ्या बुबुळांची नोंद प्रसिद्ध केली. मग मेंदू, डोळे आणि हनुवटीचे स्नायू अशा तिन्हींच्या नोंदी एकत्र वाचण्याची पद्धत रुळली. 1968 मध्ये रेख्टशाफेन आणि केल्स यांनी तिची नियमावली घालून दिली.

योगायोग असा, की 1953 सालीच कोपनहेगनमध्ये ब्योर्न इब्सेन यानं अतिदक्षता विभाग उभा केला. आदल्या वर्षी पोलिओच्या साथीत विद्यार्थी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून रुग्णांना श्वास देत होते, त्या अनुभवातून तो जन्मला. इथे नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांवर अखंड पहारा असतो. झोप मात्र त्या पहाऱ्यातून निसटते.

कारण प्रयोगशाळेची नियमावली इथे अडखळते. गुंगीची औषधं, जंतुसंसर्ग आणि मेंदूवर झालेला आजाराचा परिणाम यांनी लहरींचं रूपच बदलतं. काही रुग्णांच्या नोंदी कुठल्याच टप्प्यात बसत नाहीत. मनगटावरचं हालचाल मोजणारं यंत्र निपचित पडलेल्या जाग्या माणसालाही झोपलेला ठरवतं. 2001 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांची निम्म्याहून अधिक झोप दिवसा झालेली आढळली. जाग येण्याचा दोष सगळे गोंगाटाला देत होते. पण जितक्या वेळा जाग आली, त्यातला पाचवा हिस्साही गोंगाटाचा नव्हता. बाकीचं कारण दुखणं, व्हेंटिलेटर, औषधं आणि उपचारांसाठी सारखा लागणारा हात यांत शोधावं लागतं.

मग यंत्रांच्या तारा सोडून रुग्णालाच विचारण्याकडे वळणं आलं. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीत रुग्ण पाच रेघांवर खुणा करून सांगतो: झोप किती गाढ होती, लवकर लागली का, किती वेळा मोडली, मोडल्यावर परत लागली का, एकूण कशी झाली. डोळे मिटलेले पाहून सिस्टर जितकी झोप धरतात, तितकी रुग्णाला लागलेली नसते, हेही दोघांची उत्तरं ताडून पाहिल्यावर दिसलं. अतिदक्षता विभागासाठीच्या 2018 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी यंत्रानं सरसकट झोप मोजू नये असं सुचवलं. त्यापेक्षा कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, रात्री मंद दिवे बरे.

पण सकाळी ‘झोप लागली का, आजोबा?’ या प्रश्नाला उत्तर देतो तो शुद्धीवरचा रुग्ण. गुंगीत किंवा भ्रमात असलेला देऊ शकत नाही. ज्याची झोप मोजण्याची खरी निकड, त्याच्यासाठीचं मोजमाप अजून शोधलं जात आहे.